न झाडलेली गोळी

वहिनीनं पिस्तूल घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यात जास्त हसले ती मी.

"दुकानात गोळ्या कमी पडल्या का तुला?" मी विचारलं. वहिनीचं औषधांचं दुकान आहे आणि तिथला काउंटर मी सांभाळते, त्यामुळे हा विनोद मला आयताच मिळाला होता. पुढे तो सगळ्या रस्त्यानं वापरून गुळगुळीत केला.

दादा हसला नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. शिलाई मशिन दुरुस्त करतो. दुकानापासून हाकेच्या अंतरावर त्याचं वर्कशॉप आहे. स्वभावानं इतका मऊ की मशिनला तेल घालतानाही तिला दुखेल की काय असा चेहरा करतो. घरातला स्वयंपाक त्याचा, हिशेब आणि भांडणं वहिनीची. ही वाटणी त्यांच्या लग्नापासूनची आहे आणि तिघांनाही सोयीची पडली आहे.

"घरात हत्यार नको," तो म्हणाला.

"घरात नाही, दुकानात," वहिनी म्हणाली. "पलीकडच्या मेडिकलवाल्याचं काय झालं ते बघितलंस ना?"

ते आम्ही सगळ्यांनीच बघितलं होतं. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आमच्यासारखंच एक दुकान आहे. झोपेच्या आणि दुखण्याच्या कडक गोळ्यांसाठी कोणीतरी भरदिवसा आत शिरलं आणि त्या म्हाताऱ्या माणसाला लोखंडी कांबीनं मारलं. तो वाचला, पण त्याला एका कानानं ऐकू येत नाही. तसल्या गोळ्या आमच्याकडेही असतात. कुलपाच्या कपाटात असतात, पण कुलूप उघडणारी माणसं तर बाहेरच उभी असतात, वहिनी आणि मी.

परवान्यासाठी अर्ज गेला, चौकशी झाली, डॉक्टरांचा दाखला झाला, आणि शेवटी वहिनीला प्रशिक्षण घ्यायला सांगितलं गेलं. नेमबाजी केंद्र गावाबाहेर होतं. वहिनीला गाडी चालवता येत नाही, म्हणून दर रविवारी सकाळी मी तिला घेऊन जायचे आणि मागच्या बाकावर बसून राहायचे.

शिकवणाऱ्या बाई पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या होत्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना सगळे नेमबाई म्हणत. नेम शिकवतात म्हणून, आणि नेमाच्या पक्क्या म्हणूनही. उशिरा येणाऱ्याला त्या दारातूनच परत पाठवायच्या.

पहिल्या रविवारी त्यांनी पिस्तुलाला हातच लावू दिला नाही. सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि वहिनीला उभं केलं.

"तुमच्या दुकानातून एक माणूस गल्ला उचलून पळतोय. पाठ तुमच्याकडे आहे. हातात पिस्तूल आहे तुमच्या. काय कराल?"

"झाडीन," वहिनी म्हणाली.

"का?"

"चोर आहे तो."

"आहे ना. पण पळतोय. पळणारा माणूस तुमचा जीव घेत नाहीये. त्याच्या पाठीत गोळी घातलीत तर कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असाल, आणि तिथे असायलाच हवं."

"मग पायावर मारीन."

वर्गात दोघंतिघं हसले. नेमबाई हसल्या नाहीत.

"पायात जी मोठी शीर असते ती फुटली तर माणूस बघता बघता जातो. तुम्ही औषधवाल्या, तुम्हाला मी काय सांगायचं. गोळी झाडणं म्हणजे जीव घ्यायला निघणं, कुठेही मारा. जिथे जीव घ्यायचा हक्क नाही तिथे पायावर मारायचाही हक्क नाही."

"मग पिस्तूल काय शोकेसमध्ये ठेवायचं?"

"तिथेच राहिलं तर तुमचं नशीब चांगलं," नेमबाई म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला. 'आत्ता'.

"हा शब्द डोक्यात ठेवा," त्या म्हणाल्या. "कोणाचा जीव आत्ता जातोय का? मघाशी त्यानं काय केलं ते नाही, उद्या तो काय करील ते नाही. आत्ता. आणि तो जीव वाचवायला दुसरा काही मार्ग हाताशी उरला आहे का? आरडाओरडा, पळून जाणं, हवं ते देऊन टाकणं, यातलं काही चालण्यासारखं असेल तर ते आधी. काहीच उरलं नसेल तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. तुमच्या स्वतःच्या जिवासाठी आणि दुसऱ्याच्या जिवासाठीही. पण तो 'आत्ता' संपला की हक्क संपला. माणूस पडला, हत्यार सुटलं, तो मागे फिरला, की बोट चापावरून काढायचं. पहिली गोळी बरोबर होती म्हणून दुसरी बरोबर ठरत नाही. प्रत्येक गोळीचा जाब वेगळा द्यावा लागतो."

परत येताना वहिनी गाडीत धुसफुसत होती. "मी नेम शिकायला गेले, या बाई मला कायदा पाजतायत."

पण ती पुन्हा गेली. रविवारमागून रविवार गेली. नेमबाई तिला गोळ्या झाडायला लावायच्या त्याहून जास्त वेळा पिस्तूल उचलून, रोखून, न झाडता खाली घ्यायला लावायच्या. समोर पुठ्ठ्याचे माणसांचे आकार सरकत यायचे. कोणाच्या हातात सुरा, कोणाच्या हातात मोबाइल, कोणापुढे लहान मूल. एकदा वहिनीनं मोबाइलवाल्याला गोळी घातली. नेमबाईंनी तो पुठ्ठा तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हा घरी घेऊन जा. भिंतीला लावा." वहिनीनं खरंच लावला, बेडरूममध्ये. दादानं त्यावर टोपी अडकवायला सुरुवात केली.

परवाना आला. पांढऱ्या कोटाखाली, कमरेच्या पट्ट्यात वहिनी पिस्तूल ठेवू लागली. हळूहळू मला त्याचा विसर पडला, जसा कोणाच्या चष्म्याचा पडतो.

तो दिवस साधाच होता. जेवायची वेळ म्हणून शटर अर्धं खाली ओढलं होतं. वहिनी आतल्या खोलीत हात धूत होती आणि मी आलेल्या मालाची खोकी फोडत होते. शटरखालून वाकून एक माणूस आत आला. तरुण, किडकिडीत, पण शर्ट स्वच्छ, इस्त्री केलेला. मला त्या इस्त्रीनंच फसवलं.

"जेवायची सुट्टी आहे," मी म्हणाले. "थोड्या वेळानं या."

तो थांबला नाही. काउंटरची फळी उचलून आत आला, माझा दंड पिरगळला, मला स्वतःकडे ओढलं आणि कानाखाली काहीतरी गार लागलं. सुरा होता हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त गार लागलेलं कळलं.

"कुलपातल्या गोळ्या," तो म्हणाला. "सगळ्या."

वहिनी आतल्या दारात आली. मला तिचा चेहरा दिसत होता, हात दिसत नव्हते. खोटं कशाला सांगू, मी मनात म्हणाले, आता ही काहीतरी करेल. एवढे रविवार गेले, एवढं पेट्रोल जाळलं, आता करेल.

ती म्हणाली, "देते. सगळ्या देते. तिला काही करू नकोस."

घाऊकवाल्याशी फोनवर बोलते तोच आवाज. चढा नाही, पडका नाही. ती कपाटाकडे गेली, कुलूप उघडलं, डबे एकेक करून काउंटरवर ठेवले, वर एक पिशवीही ठेवली. "पिशवीत भर. रस्त्यात सांडतील."

त्यानं मला ढकलून दिलं. मी खोक्यांवर पडले. पिशवी भरून तो उलट्या पावलांनी शटरकडे सरकला, सुरा आमच्याकडे रोखलेला. वहिनी जागची हलली नाही. झालं, गेला, असं मला वाटलं, आणि त्याच वेळी शटरखालून वाकून दादा आत आला. हातात आमचा डबा.

दोघांची डोकी आपटली. इथवर ते एखाद्या विनोदी नाटकातलं वाटलं असतं. पण दादानं आधी पिशवी बघितली, मग सुरा, मग जमिनीवर पडलेली मी. मशिनला दुखेल म्हणून जपणाऱ्या माझ्या भावानं त्या माणसाची कॉलर धरली.

सुरा दादाच्या उजव्या हातात, कोपराच्या खाली शिरला. दादा उताणा पडला. तो माणूस त्याच्या छातीवर बसला आणि त्यानं सुरा पुन्हा वर उचलला. दादानं डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं होतं, पण रक्तानं पकड सुटत होती. सुरा खाली येत होता.

"सुरा टाक," वहिनी ओरडली. "टाक सुरा."

त्यानं वर बघितलंही नाही.

मग तो आवाज झाला. बंद खोलीत तो इतका मोठा असतो हे केंद्रात कानाला झाकणं लावून बसलेल्या मला माहीत नव्हतं. तो माणूस बाजूला कलंडला आणि डायपरच्या गठ्ठ्यांना टेकून अर्धवट बसता राहिला. सुरा वजनकाट्याखाली गेला होता. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर, खांद्याच्या जरा खाली, लाल डाग पसरत होता.

शटर धाडकन वर गेलं. शेजारचे शिंपीकाका, समोरचा सलूनवाला, रस्त्यावरची आणखी माणसं. त्यांनी दादाचं रक्त बघितलं आणि सगळं समजले.

"अजून एक घाला, बाई," सलूनवाला म्हणाला. "जिवंत सोडू नका."

"आम्ही सगळे साक्षीला आहोत," आणखी कोणीतरी म्हणालं. "तो अंगावर आला असंच सांगू."

वहिनी त्या माणसाकडे बघत उभी होती. पिस्तुलाची नळी थोडी खाली, पण दोन्ही हातांत धरलेली. तेवढ्यात त्या माणसाचा डावा हात हलला आणि शर्टाच्या आत गेला. सगळे मागे सरकले. मीसुद्धा डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वहिनी तशीच थांबलेली होती. हात बाहेर आला नव्हता. तो आतून जखम दाबत होता.

वहिनीनं श्वास सोडला तो मला इतक्या लांबून ऐकू आला. तिनं पिस्तुलातली काडतुसं काढली, ते ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या मुठीत दिली.

"शिंपीकाका, पोलिसांना फोन करा. ॲम्ब्युलन्स दोन लागतील म्हणावं. त्या सुऱ्याला कोणी हात लावायचा नाही, आणि या माणसालाही नाही." मग माझ्याकडे वळून, "तू दादाला बघ. कोपराच्या वर घट्ट बांध, हात उंच धर. रडायचं असेल तर बांधून झाल्यावर रड."

आणि ती गॉजचं अख्खं पाकीट फाडून त्या माणसाशेजारी गुडघ्यांवर बसली. दोन्ही तळवे त्याच्या खांद्यावर ठेवून सगळा भार टाकला. तो कण्हला. "दुखू दे," ती त्याला म्हणाली. "दुखतंय म्हणजे आहेस. झोपायचं नाही. माझ्याकडे बघ."

सलूनवाला पुटपुटला, "काय बाई आहे ही." तो कौतुकानं म्हणाला की वैतागून, हे मला आजही सांगता येणार नाही.

पोलीस आले तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, "गोळी मी झाडली. एकच. तो माझ्या नवऱ्याला सुऱ्यानं मारत होता. पिस्तूल आणि परवाना त्या ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्या नणंदेकडे. बाकीचं वकिलांना घेऊन येते आणि सांगते." हेही नेमबाईंनीच शिकवलेलं. घाबरलेल्या माणसानं बडबड करू नये, आणि लपवूही नये.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. दादाच्या हाताचं ऑपरेशन झालं. बोटांच्या शिरा शिवल्या, पण बोटं पहिल्यासारखी हलतील की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि ज्याचं पोट बारीक स्क्रूंवर आहे त्याला बोटांशिवाय काय? पिस्तूल जप्त झालं, परवाना स्थगित झाला, दुकान बंद राहिलं. वहिनीला चौकशीला बोलावणं यायचं, पुन्हा यायचं. गुन्हा नोंदवायचा की नाही हे अजून ठरायचं होतं.

गावाचं मात्र ठरलं होतं. लोक पुष्पगुच्छ घेऊन दारात यायचे. कोणी म्हणे वाघीण, कोणी म्हणे आमच्या मुलीला दोन शब्द सांगा. एका गृहस्थांना तिच्याबरोबर फोटो हवा होता, आणि तोही बोटाचं पिस्तूल करून. वहिनीनं त्यांना दार दाखवलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून बराच वेळ उभी राहिली. तिला जेवण जात नव्हतं. हात सारखे धुवायची. एकदा म्हणाली, "मी माणसावर गोळी झाडली गं. बरोबर झाडली असेन, पण माणसावर झाडली." मी तिला टॉवेल दिला.

मग तपास अधिकाऱ्यांनी मला एकटीला बोलावलं.

ते कमी बोलणारे गृहस्थ होते. टेबलावर संगणक, शेजारी गार झालेला चहा. म्हणाले, "दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण आहे. तुम्ही बघा आणि कोण कुठे उभं होतं ते सांगा. त्रास झाला तर थांबवू."

आवाज नसलेलं चित्र सुरू झालं. मी खोकी फोडताना दिसले. तो आला. माझा दंड, माझी मान, सुरा. कॅमेरा छतातून, आतल्या दाराच्या बाजूनं बघत होता, आणि म्हणून त्या दिवशी मला जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. वहिनी दारात येते. तिचा हात कोटाखाली जातो. पिस्तूल बाहेर येतं, दाराच्या चौकटीआड, वर उचललं जातं. नळीसमोर त्या माणसाचा चेहरा आहे, आणि त्याच्यापुढे, जवळजवळ त्याला झाकून, माझं डोकं.

ते एक क्षणभरच होतं. मग नळी खाली जाते, पिस्तूल परत कोटाखाली, आणि वहिनीचे ओठ हलतात. देते, सगळ्या देते.

अधिकाऱ्यांनी चित्र थांबवलं. "इथे त्यांनी का नाही झाडली, असं मी त्यांना विचारलं होतं. तुम्हाला काय वाटतं?"

मी उलट विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तो गोळ्या मागत होता, जीव नाही. देण्यासारखं काहीतरी माझ्या हातात होतं."

त्यांनी चित्र पुढे नेलं. दादा पडतो. वहिनी काउंटरमागून बाहेर येते, आणि लगेच झाडत नाही. एक पाऊल बाजूला टाकते. मला ते पाऊल कळलं नाही. अधिकाऱ्यांनी पेन्सिलीनं पडद्यावर दाखवलं. "इथून झाडली असती तर त्याच्यामागे उघडं शटर आणि रस्ता होता. पाऊल टाकल्यावर मागे भिंत आली, तो डायपरचा ढीग आला. भाऊ खाली, तुम्ही डावीकडे. गोळी चुकली असती तरी कोणाला लागली नसती." पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "माझ्या खात्यातल्या कित्येकांना हे सुचलं नसतं."

पुढे तो डावा हात शर्टात जाताना दिसला. तिथेही वहिनी थांबलेली दिसली. तिच्या मागे दारात उभी असलेली माणसं हात उडवून काहीतरी सांगत होती. काय सांगत होती ते मला ठाऊक होतं.

घरी आले तेव्हा वहिनी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. आमच्या घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. फार तर दुसरी पोळी वाढतात. मी तिच्या हातातले कपडे घेतले.

"मी बघितलं आज," मी म्हणाले. "माझ्या डोक्यासमोर काय होतं ते."

ती चिमटे गोळा करत राहिली.

"तू मला वाचवलंस. आणि मी तिथे उभी राहून तुलाच मनात शिव्या देत होते, ही काही करत का नाही म्हणून."

"वन्सं," ती म्हणाली. मला चिडवायचं असलं की ती मला अशी जुन्या बायकांसारखी हाक मारते. "तू मला रोजच शिव्या देतेस. त्या दिवशीच्या वेगळ्या काढून काय करू?"

"मी तिथे नसते, तो एकटाच उभा असता सुरा घेऊन, तर झाडली असतीस?"

तिनं विचार केला. "लांब उभा राहून मागत असता, तर नाही." मग म्हणाली, "उचललं तेव्हा झाडायचंच होतं मला. बोट तयार होतं. पण मग तुझी केसांची क्लिप दिसली. आणि बाईंचा आवाज आला कानात, खाली घ्या, खाली घ्या. किती वेळा घ्यायला लावलं होतं त्यांनी. हातच आपोआप खाली आला."

मी तिला मिठी मारली. मध्ये कपड्यांचा ढीग होता, त्यामुळे ती नीट जमली नाही. पण मारली.

सरकारी वकिलांचा निर्णय आला त्या दिवशी आमचे वकील स्वतः घरी आले. खटला होणार नव्हता. दुसऱ्याचा प्राण वाचवण्यासाठी, दुसरा मार्ग न उरल्यावर, गरजेपुरताच बळाचा वापर, असं त्यात म्हटलं होतं. धोका संपताच तो वापर थांबला आणि जखमीला मदत झाली, हे वेगळं नमूद केलं होतं. वकील म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुसरी गोळी झाडली असती ना, तर मी आज इथे चहा पीत बसलो नसतो. त्या सगळ्या साक्षीदारांसकट कॅमेऱ्यानं आपल्याला बुडवलं असतं."

दादानं डाव्या हातानं चहा ओतला. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा त्याला तोवर एकमेकांना टेकवता येऊ लागले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो ते करून दाखवायचा, जसं लहान मूल नवीन दात दाखवतं. वकिलांनाही दाखवलं.

रविवारी आम्ही तिघं नेमबाईंकडे गेलो. वहिनीनं काय बोलायचं ते गाडीत घोकून ठेवलं होतं, पण समोर गेल्यावर ती बाईंचा हात धरून नुसती उभी राहिली. मग दादा पुढे झाला.

"तुमच्यामुळे माझा जीव वाचला," तो म्हणाला. "आणि तुमच्यामुळेच ही घरी आहे."

नेमबाईंनी चष्मा काढून पुसला. "आभार मानायचे तर माझे असे मानू नका," त्या म्हणाल्या. "आत नवी तुकडी बसली आहे. प्रत्येकाला वाटतंय की मी उगाच कायदा पाजते. जरा आत येऊन सांगा त्यांना."

वहिनी गेली. मी मागच्या बाकावर बसले. ती फार बोलली नाही. झाडलेल्या गोळीबद्दल तर दोनच वाक्यं. बाकी सगळं न झाडलेल्यांबद्दल. ती बोलत असताना एकही खुर्ची वाजली नाही. पिस्तूल तिला परत मिळालं आहे, पण ते तिनं केंद्रातल्याच तिजोरीत ठेवायला दिलं. दुकानात आता काउंटरवर जाड काच आहे, शटरला आतून कडी आहे, आणि कडक गोळ्या आम्ही ठेवतच नाही. ज्यांना लागतात त्यांना हॉस्पिटलच्या दुकानाचा पत्ता देतो.

दुकान पुन्हा सुरू झाल्यावर, गर्दी ओसरायच्या वेळी, एक वयस्कर गृहस्थ आले. काचेपाशी उभे राहिले आणि पुढे येईनात. मी विचारलं, "काय हवंय, काका?"

"तुमच्या बाईंना भेटायचं होतं," ते म्हणाले. "मी त्याचा बाप. ज्याला इथे गोळी लागली त्याचा."

वहिनी आतून ऐकत होती. ती बाहेर आली. मशिन घेऊन आलेला दादाही तिथेच होता. त्याचा चेहरा कठीण झालेला मी बघितला, आणि मला भीती वाटली. त्यालाही राग येतो हे आता मला माहीत होतं.

"आभार मानायला आलो की भांडायला, हे इथे येईपर्यंत माझं मलाच कळत नव्हतं," ते म्हणाले. त्यांचे हात सुताराचे होते, नखांत लाकडाचा भुसा. "तो तुरुंगात आहे. शिक्षा होईल, व्हायलाच हवी. पण तिथल्या डॉक्टरांनी त्याला त्या गोळ्यांमधून सोडवलंय. परवा भेटायला गेलो तर मला म्हणाला, बाबा, तुम्ही जेवलात का. किती वर्षांत विचारलं नव्हतं त्यानं." मग त्यांनी वहिनीकडे बघितलं. "हॉस्पिटलवाले म्हणाले, त्या बाईंनी दाबून धरलं नसतं तर वाटेतच गेला असता."

वहिनीचे डोळे भरून आले होते आणि ती ते पुसतही नव्हती. मी दादाकडे बघितलं. दादानं क्षणभर आपल्या हातावरची शिवण चोळली. मग तो आतल्या खोलीत गेला, खुर्ची घेऊन आला आणि काचेच्या अलीकडे, आमच्या बाजूला ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "किती लांबून आलात?"

ते बसले. वहिनीनं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी खिशातून घडी पडलेली एक चिठ्ठी काढली, जराशा संकोचानं. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, नेहमीच्या. "आलोच आहे तर," ते म्हणाले.

वहिनीनं चिठ्ठी वाचली, चष्मा वर सारला आणि त्यांच्याकडे बघितलं. "यातली लघवीची गोळी सकाळी घ्यायची, जेवणाआधी. तुम्ही रात्री घेता ना?"

"हो," ते ओशाळून म्हणाले.

"तरीच रात्रभर उठता आणि डोळे असे तारवटलेत," ती म्हणाली, आणि फळीवरून डबा काढायला वळली.